पुसलेला आरसा

वारा फिरला आणि खाणीची धूळ घराकडे यायला लागली. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो दरवर्षीच फिरतो, त्यात नवल काही नव्हतं. पण यंदा खाण टेकडीच्या अलीकडच्या अंगाला सरकली होती आणि दगड फोडायचं नवं मशीन नेमकं वाऱ्याच्या वाटेवर बसवलं होतं. सकाळी पुसलेल्या उंबऱ्यावर दुपारी बोटानं रेघ ओढता यायची. वाळलेले कपडे झटकल्याशिवाय अंगात घालता येत नसत. बाकीच्या घरांनी खाणवाल्याला चार शिव्या हासडल्या आणि ती आपापल्या कामाला लागली. या घराला शिव्यांवर भागवता येत नव्हतं, कारण या घरात दुर्बिणी तयार होत होत्या.

दुर्बीण म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे नळी येते. नळी कुणीही करील. खरं काम नळीच्या बुडाशी बसणाऱ्या आरशाचं. जाड काचेची गोल चकती घ्यायची, पाणी आणि खरखरीत पूड घालून दुसऱ्या चकतीवर घासायची, घासत घासत तिला बशीसारखी खोली आणायची. मग पूड बारीक करत जायची, आणखी बारीक, आणि शेवटी डांबराच्या थरावर तांबूस पूड घेऊन नुसत्या हातानं पॉलिश करायचं. यात महिने जातात. या शेवटच्या टप्प्यात जाड्या पुडीचा नाहीतर खाणीतल्या धुळीचा एक कण जरी मध्ये आला, तरी तो आरशावर ओरखडा ओढून जातो.

म्हणून घराचे दोन भाग केले होते. जाडं काम पडवीत, बारीक काम आतल्या खोलीत. पडवीतलं माणूस आतल्या खोलीत जाणार नाही, हा घरातल्या थोरल्या मुलाचा नियम होता. जायचंच असेल तर डोक्यावरून आंघोळ करायची, नखं ब्रशनं घासायची, धुतलेले कपडे घालायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. घरच्यांना तो नियम एव्हाना हाडीमाशी खिळला होता.

पडवीत त्याचे वडील, आबा, काम करत. जन्मभर खाणीत छिन्नी चालवलेले हात. काचेचा जाडा खड्डा ते इतका सारखा काढत की थोरल्याला मापपट्टी लावायचं कामच पडत नसे. खाणीतून ते घरी आले ते छातीत घरघर घेऊनच. चार पावलं भरभर चालले की खांबाला धरून उभे राहत आणि लोकांना वाटू नये म्हणून कुठंतरी लांब बघत असल्यासारखं करत. त्यांना आतल्या खोलीत कायमचीच बंदी होती. खोकल्याची उबळ कधी येईल सांगता येत नाही, असं थोरला म्हणायचा. आबांनी त्यावर कधी वाद घातला नाही. दाराशी आले तरी उंबऱ्यापासून हातभर अलीकडेच थांबत आणि तिथूनच हाक मारत.

आतल्या खोलीत धाकट्या भावाचं राज्य होतं. तोही आधी खाणीतच होता, खडीच्या गाड्या भरायला. पण त्याच्या हातात काहीतरी होतं खरं. पॉलिश करताना दाब कुठं द्यायचा, कुठं नुसता हाताचा भार टाकायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. थोरला आरसा तपासायचा. खोलीत अंधार करून बारीक उजेड आरशावर टाकायचा, पुढ्यात ब्लेडची धार धरायची आणि आरशावर पडणारी सावली वाचायची. "काठाला अजून उंच आहे," एवढंच तो म्हणे, आणि धाकटा चार हात मारून तो उंचवटा उतरवून देई.

हा सगळा खटाटोप मुळात थोरल्याचा. शहरात चष्म्याच्या दुकानात काचा कापता कापता त्याला हे वेड लागलं. नोकरी सोडून गावी आला तेव्हा लोकांनी त्याचं नाव आभाळ्या पाडलं. मग मात्र कुणी निवृत्त कारकून, कुणी शाळामास्तर, कुणी रात्रपाळीचा रेल्वेवाला, असे आकाशाचे शौकीन पत्ता विचारत यायला लागले. लहान दुर्बिणी खपू लागल्या. तेव्हा थोरल्यानं एक दिवस खाणीवर जाऊन बाप आणि भाऊ दोघांनाही बाहेर काढलं आणि मुकादमाच्या तोंडावर, पाच-पन्नास माणसांदेखत सांगितलं, "आमच्या घरातलं माणूस आता पुन्हा इथं दिसायचं नाही." मुकादम हसला होता. थोरला तिथून छाती काढून चालत आला होता. त्या दिवसाची आठवण काढायला त्याला अजून आवडायचं. त्याची बायको म्हणायची, "ऐकलंय बाई मी ते. इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथं होते असं वाटतं."

यंदा शहरातल्या एका हौशी मंडळानं मोठी दुर्बीण सांगितली होती. आरसा एवढा मोठा की दोन हातांच्या कवेत कसाबसा मावावा. असा आरसा या घरात आजवर झाला नव्हता. त्याच्यापायी थोरल्यानं लहान कामं नाकारली. आता नको, हे एवढं होऊ द्या, असं म्हणत त्यानं एकेक गिऱ्हाईक परत पाठवलं. बायको म्हणाली, "एकाच खुंटीला सगळे कपडे टांगताय." तो म्हणाला, "खुंटी भक्कम आहे."

आणि मग वारा फिरला.

आतल्या खोलीला एकच खिडकी. तिच्यावर आणि दारावर बायकोनं जुन्या चादरी ओल्या करून टांगल्या. त्या दुपारपर्यंत वाळून कडक व्हायच्या. पुन्हा ओल्या करायच्या. पिळलं की तपकिरी पाणी निघायचं. दिवसभर ती बादली आणि चादर, चादर आणि बादली. "लग्न ठरताना सांगत होतात, चंद्रावरचे डोंगर दाखवीन," ती थोरल्याला म्हणाली. "डोंगर राहिला बाजूला, त्याची धूळच पिळत बसलेय." थोरला हसला, पण त्याचं लक्ष खिडकीकडे होतं. उन्हानं डांबर मऊ पडायचं, म्हणून पॉलिशचं काम उजाडायच्या सुमारासच व्हायचं. ऊन चढलं की आरसा टेबलावर तोंड वर करून झाकून ठेवायचा आणि दिवस नुसता वाऱ्याशी झटापट करण्यात घालवायचा.

एके दिवशी सकाळी थोरल्यानं सावली पाहिली आणि कितीतरी वेळ ब्लेड तसंच धरून बसला.

"काय झालं?" धाकट्यानं विचारलं.

"बघ."

धाकट्यानं डोळा लावला. आरशावरची सावली काठापासून काठापर्यंत सारखी, मऊ, कुठंही खड्डा नाही की उंचवटा नाही.

"झाला की रे," धाकटा म्हणाला.

"उद्या सकाळी एकदा हलका हात मार. चकाकी राहिलीय थोडी. मग झाला."

दोघेही बाहेर आले तेव्हा आबा उंबऱ्याच्या अलीकडे उभे होते. "झाला म्हणता?" त्यांनी विचारलं. थोरल्यानं मान हलवली. आबांनी आपले हात पंच्याला पुसले आणि पुन्हा पुसले. खड्डा त्यांनीच काढला होता. झालेला आरसा त्यांनी एकदाही बघितला नव्हता, आणि बघू का, असं विचारायची त्यांची रीत नव्हती.

दुपारी दोघे भाऊ हातगाडी घेऊन सुताराकडे गेले, आरशासाठी पेटी आणायला. टाकी रिकामी झाली होती, म्हणून बायको हंडे घेऊन पाण्याला गेली. जाताना सासऱ्यांना म्हणाली, "आबा, चादर आत्ताच भिजवलीय. मी येतेच." आबा पडवीत एका लहान चकतीवर हात चालवत बसले. पलीकडे खाणीत सुरुंग उडाला. या घराला त्याचं काही वाटत नसे. भांडी जरा वाजत, इतकंच. पण त्या पाठोपाठ वाऱ्याचा असा लोट आला की पडवीतला पत्रा खडखडला आणि आतल्या खोलीत काहीतरी फाटकन सुटल्याचा आवाज झाला.

आबांनी दाराच्या चादरीची कड किंचित सरकवून आत डोकावलं. खिडकीवरची चादर एका खिळ्यावर लोंबत होती. उन्हाच्या पट्ट्यात धूळ दाट, पांढुरकी आत शिरत होती. आरशावरचं झाकण वाऱ्यानं उडून भिंतीशी पडलं होतं. टेबलावर आरसा उघडा होता आणि त्या धुळीच्या खाली होता.

त्यांनी हाका मारल्या. सुनेला, मग धाकट्याला, मग थोरल्याला. जोरात हाक मारायला छातीत वारा लागतो, तो कुठला असायला. कुणीच आलं नाही.

आता दुसरं कुणी असतं तर धावत आत गेलं असतं. आबा गेले नाहीत. अंगावर पडवीतली जाडी पूड होती, केसांत होती, नखांत होती. त्यांनी दाराची चादर नीट ओढली आणि न्हाणीत गेले. बादलीच्या तळाशी उरलेलं पाणी डोक्यावरून घेतलं. ब्रश घेऊन नखं घासली, एकेक करून, पोराला घासताना बघितली होती तशी. दम लागला तेव्हा दगडावर बसले. दोरीवरचा धुतलेला सदरा काढला, झटकला, पुन्हा झटकला आणि घातला. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी तो उंबरा ओलांडला.

आधी त्यांनी खिडकीची चादर खिळ्याला अडकवली. झाकण उचललं. आरशावर धुळीचा सायीसारखा थर बसला होता. तो तसाच ठेवून वर झाकण घालणं त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी कपाटातलं स्वच्छ फडकं घेतलं, ओलं केलं, पिळलं आणि आरसा पुसला. जन्मभर त्यांनी दगड घडवले होते. दगड घडवला की ओल्या फडक्यानं पुसून बघायचा, ही सवय हाताला होती. मधून काठाकडे, गोल गोल, कुठं कोपरा राहू नये म्हणून दोनदा. मग त्यांना आपला चेहरा दिसला, मोठा, ओल्या केसांचा. ते क्षणभर बघत राहिले. त्यांना बरं वाटलं. झाकण घालून ते बाहेर आले आणि पंचा वाळत घातला.

संध्याकाळी त्यांनी सगळं सांगितलंही असतं. पण पेटीचं झाकण बसत नाही म्हणून दोघे भाऊ सुताराच्या नावानं खडे फोडत आले होते, आणि चांगलं काम सांगून मिरवायची आबांना सवय नव्हती. चादर निसटली होती, मी लावली, एवढंच ते सुनेला म्हणाले. ती म्हणाली, "बरं झालं तुम्ही होतात."

दुसऱ्या दिवशी पहाटे धाकट्यानं आरशावर पाणी ओतलं, दिव्यापुढे तिरपा धरला आणि तसाच उभा राहिला. थोरला मागून आला.

मधून काठाकडे गोल गोल फिरत गेलेले ओरखडे होते. एक नाही, दोन नाही. केसासारखे बारीक, पण दिव्याच्या उजेडात सगळे चमकत होते.

थोरल्यानं आरसा स्वतः दिव्यापुढे फिरवून बघितला. मग तो धाकट्यावर घसरला. "हात दाखव," तो म्हणाला. धाकट्यानं हात पुढे केले. थोरल्यानं त्याचं एकेक बोट धरून दिव्यापाशी नेलं आणि नखं तपासली, शाळेत मास्तर तपासतो तशी. एवढा दाढीमिशीचा भाऊ मुकाट्यानं हात पुढे करून उभा राहिला.

"काल डांबर झाकलं होतंस?"

"झाकलं होतं."

"मग पूड कुठली आली? आभाळातून?"

आवाज ऐकून बायको आली. तिलाही सोडलं नाही. चादर वाळू दिलीस का, पाण्याला जायची एवढी काय घाई होती, असं काहीबाही. ती म्हणाली, "पाणी नसतं तर चादर काय घामानं भिजवली असती?" तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"मी पुसला."

आबा उंबऱ्याच्या अलीकडे उभे होते, रोजच्याच जागी.

"काय पुसलं?" थोरल्यानं विचारलं, पण त्याला कळलं होतं.

"धूळ बसली होती. आंघोळ केली. नखं घासली. कपडे बदलले. मग आत गेलो आणि पुसला. स्वच्छ फडक्यानं."

"पुसला!" थोरला म्हणाला. "आबा, पुसतात का कधी? धूळ दिसली की नुसतं वरून पाणी सोडायचं. ओतत राहायचं. हात नाही लावायचा. फडकं तर नाहीच नाही. खाणीतली धूळ ती, दगडच तो. तुम्ही दगडानं आरसा घासलात."

आबांनी आतल्या टेबलाकडे बघितलं. मग म्हणाले, "हे मला कुणी सांगितलं होतं का?"

त्यात तक्रार नव्हती. खरंच कुणी सांगितलं होतं आणि आपण विसरलो की काय, याची खात्री करून घ्यावी तसं त्यांनी विचारलं होतं. कुणी सांगितलं नव्हतंच. ज्या माणसाला आत यायचंच नाही त्याला आतला नियम कशाला सांगायचा, असा सरळ हिशेब होता. थोरल्याच्या ओठावर आणखी काही आलं होतं ते त्यानं गिळलं, पण चेहऱ्यावरचं काही त्याला गिळता आलं नाही. आबांनी ते पाहिलं. ते पडवीत जाऊन बसले आणि त्या दिवशी त्यांनी चकतीला हात लावला नाही.

मंडळाचा माणूस ठरल्याप्रमाणे आरसा न्यायला आला. शहरात दातांचा दवाखाना होता त्याचा. मऊ बोलणारा, हात धुतल्याशिवाय कशालाही न शिवणारा माणूस. थोरल्यानं काही लपवलं नाही. आरसा तिरपा धरून दाखवला आणि मग खोलीत अंधार करून सावलीही दाखवली. डॉक्टर बराच वेळ ब्लेडमागे डोळा लावून बसला.

"आकार फार सुंदर आहे," तो म्हणाला. "इतका सारखा आरसा मी पाहिला नाही."

"ओरखड्यांनी बघण्यात फरक पडत नाही, डॉक्टर. तुम्हाला माहीत आहे. अगदी किंचित उजेड फाकेल. शनीची कडी तुम्हाला तशीच दिसणार."

"मला माहीत आहे हो. मंडळातल्या बाकीच्यांना कोण सांगणार? पेटी उघडली की सगळे आधी आरशावर वाकून बघतील. दुर्बिणीतून बघणारे थोडे असतात, दुर्बिणीकडे बघणारेच जास्त."

"मग पुन्हा घासून देतो. बारीक पुडीपासून."

"किती दिवस?"

थोरल्यानं खिडकीकडे बघितलं. चादर वाऱ्यानं पोट फुगवून आत आली होती. "वारा पडला की," तो म्हणाला.

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. मंडळाला थांबता येणार नाही, परदेशी तयार दुर्बीण मागवायचं बोलणं आधीपासून चालू होतंच, आपणच त्यांना थोपवून धरलं होतं, असं त्यानं हळूहळू सांगितलं. दात काढायचा असला की असाच सांगत असेल. निघताना पडवीत आबा दिसले तेव्हा त्यानं त्यांना नमस्कार केला आणि म्हणाला, "तुम्ही पण यात असता का?" आबांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

लहान गिऱ्हाइकं परत पाठवली होती ती पुन्हा आली नाहीत. थोरल्यानं निरोप धाडले. कुणी दुसरीकडे गेलं होतं, कुणाची हौस भागली होती. वारा थांबेना. धुळीत आतल्या खोलीचं दार उघडायचीही सोय राहिली नाही. चहा कोरा झाला, मग एका वेळचाच झाला. कुणी तसं बोललं नाही, पण जेवताना सगळे भांड्यात वाकून किती उरलंय ते बघायला लागले. आबांच्या औषधाची बाटली उपडी करून ठेवली होती, शेवटचे थेंब झाकणात यावेत म्हणून.

खाणीत मात्र माणसं हवी होती. नव्या मशीनवर कुणी टिकत नव्हतं. धूळ एवढी की तोंडाला फडकं बांधूनही संध्याकाळी थुंकी राखाडी यायची. मुकादम एकदा रस्त्यात भेटला तेव्हा थोरल्याला म्हणाला, "काय आभाळ्या, वर बघून पोट भरतंय ना?" थोरला न थांबता पुढे चालत राहिला.

एका संध्याकाळी जेवताना धाकटा म्हणाला, "मी जातो खाणीत."

कुणाचा हात थांबला नाही, पण जेवणाचा आवाज थांबला.

"थोडे दिवस," धाकटा म्हणाला. "काम यायला लागलं की येतो परत."

थोरला म्हणाला, "बघू."

बायकोनं भांडं खाली ठेवलं. ती सहसा दिरासमोर नवऱ्याला बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "काय बघू? भाऊजी गेले तर आरसा कोण करणार? तुमच्या हाताला पॉलिश येत नाही हे तुम्हीच सांगता. सावली बघायला तुम्ही त्यांना चार दिवसांत शिकवाल. त्यांचा हात तुम्हाला जन्मात यायचा नाही. एकानं जायचंच असेल तर कुणी जायचं ते सरळ आहे."

"वहिनी, राहू दे," धाकटा म्हणाला.

"राहू दे कशाला? आणि मशीनवरची धूळ एकदा अंगात मुरली की या खोलीत पुन्हा कुणाला येता येणार नाही. आबांना येता आलं का?"

आबा खाली बघून जेवत होते. ते म्हणाले, "मला घेतील का विचारतो. बसून करायचं काही असेल." हे ऐकून सगळ्यांचीच मान खाली गेली. त्यांना न्हाणीपर्यंत जाताना मध्ये बसावं लागत होतं.

थोरल्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "ती म्हणते ते खरं आहे. मी जातो. उद्या सकाळी मीच जातो."

ते त्यानं खोटं म्हटलं नव्हतं. अंथरुणावर पडल्यावर त्याला उलट हलकंच वाटलं. निर्णय झाला की माणसाला झोप लागते, तशी त्याला लागली. जाग आली तेव्हा ऊन पत्र्यावर आलं होतं आणि धाकट्याचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं.

"गेले ते," बायको म्हणाली. "मी उठायच्या आत गेले. पाणीसुद्धा न पिता." तिनं डबा भरला होता. डब्याला फडकं बांधता बांधता ती म्हणाली, "हा घ्या. त्यांना द्या, आणि घरी पाठवून द्या. तुम्ही राहा तिथं. सांगाल ना?"

"सांगतो म्हणजे काय. त्याला आत्ता पाठवतो," तो म्हणाला आणि तावातावानं निघाला.

टेकडीची वाट त्याच्या पायाखालची होती. लहानपणी याच वाटेनं तो आबांना हाक मारायला जायचा. अर्ध्यावर आल्यावर मशीनचा आवाज पायांतून जाणवायला लागला. झुडपांची पानं पांढरी झाली होती. आणखी वर गेल्यावर तोंडात दातांखाली कचकच व्हायला लागली आणि त्यानं बाही नाकाला लावली. तो भरभर चालत होता तो जरा सावकाश चालायला लागला. चढ आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

खाणीच्या तोंडाशी तो उभा राहिला. खाली मशीनभोवती धुळीचा नुसता ढग होता. त्यात माणसं हलत होती, सगळी एका रंगाची. त्यातला आपला कोण हे त्याला पटकन कळेना. मग एकाच्या हातांवरून कळलं. धाकटा मशीनच्या तोंडात दगड लोटत होता. डोळ्यांपर्यंत फडकं बांधलं होतं. भुवया आताच पांढऱ्या झाल्या होत्या. एक जण मशीनच्या बाजूला गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता आणि खोकत होता, आबा खोकतात तसाच, तळापासून. त्याचं वय धाकट्याएवढंच असेल.

धाकट्यानं वर बघितलं. त्याला भाऊ दिसला. त्यानं दगड लोटणं थांबवलं, फडकं नाकाखाली ओढलं आणि तो तसाच वर बघत उभा राहिला. तो कशाची वाट बघत होता ते थोरल्याला नीट कळत होतं.

मुकादम छत्रीखालून उठून आला. "या," तो म्हणाला. "आज दोन्ही भाऊ? काय काम काढलंस?"

थोरल्यानं तोंड उघडलं. बोलायचं ते वाक्य त्यानं वाटेत तयार केलं होतं, सोपं होतं. माणसं काम थांबवून बघत होती. त्याला आपली छाती जाणवली, आत जाणारा वारा जाणवला, आणि तो वारा अजून मोकळा येतो-जातो हेही जाणवलं.

"डबा द्यायला आलोय," तो म्हणाला.

"ठेव तिथं," मुकादम म्हणाला आणि परत छत्रीखाली गेला.

थोरल्यानं डबा एका दगडावर ठेवला. खाली धाकटा अजून उभा होता. मग त्यानं फडकं वर ओढलं आणि पुढचा दगड उचलला.

उतारावर थोरल्यानं पुष्कळ गोष्टी ठरवल्या. उद्या बोलू, माणसं नसताना बोलू, मुकादमाला एकटं गाठू. सावली तपासायला अजून कुणाला नीट येत नाही, हेही खरंच होतं. घर दिसायला लागेपर्यंत त्याला त्यातलं बरंचसं पटलं होतं.

बायको दाराची चादर पिळत होती. तिनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागच्या वाटेकडे. वाटेवर कुणी नव्हतं. तिचे हात तसेच पिळलेल्या चादरीवर राहिले आणि पाणी तिच्या पायांवर गळत राहिलं.

"अगं, तिथं सगळे होते," तो म्हणाला. "अशा वेळी बोलणं बरं दिसेना. उद्या डबा घेऊन जाईन तेव्हा..."

तिनं चादर झटकली आणि खिळ्याला अडकवली.

"उद्यापासून डबा मी नेईन," ती म्हणाली.